साडेसहा किलो दरारा

प्रिय ठिणगे,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की तुझ्या बापाला आता दिवासुद्धा माणूस मानत नाही. थिएटरच्या बाजूची आमची कपडे बदलायची खोली तुला आठवत असेल. खिडकी नाही, एक बाक, सहा लोखंडी कपाटं आणि त्यातल्या माझ्याच कपाटाचं न लागणारं दार. त्या खोलीत गेल्या महिन्यात नवा दिवा बसवला. कुणी हललं की लागतो, हललं नाही की विझतो. वीज वाचते म्हणे. वाचू दे बापडी. पण दोन ऑपरेशनांच्या मधे मी बाकावर बसून चहा पितो तेव्हा हलत नाही, तीस वर्षांत कधी हललेलो नाही. दोन घोट घेतले की काळोख. मग एका हातात पेला सांभाळायचा आणि दुसरा हात चौकातल्या पोलिसासारखा वर करायचा, तेव्हा कुठे महाराज प्रसन्न होतात. परवा मी असा हात वर केला आणि नेमके त्याच वेळी मामा दार उघडून आत डोकावले. आपले स्ट्रेचर ढकलणारे मामा. त्यांना वाटलं मी त्यांनाच थांबवतोय. बिचारे रिकाम्या स्ट्रेचरसकट दारात पाच मिनिटं उभे. मी रीतसर तक्रार अर्ज दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'सरांनी अधूनमधून हलत राहावं. तब्येतीलाही चांगलं.' खाली मोठ्या सिस्टरांची सही.

तर हे पत्र मी त्याच बाकावर बसून, मधेमधे हात हलवत लिहितोय. पुढचा पेशंट अजून यायचाय. चालत येतोय. हो, वॉर्डातून थिएटरपर्यंत स्वतःच्या पायांनी, चप्पल घालून. दचकू नकोस, पुढे सांगतो.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर आपण दोन वर्षं काय बोलतोय ते आठव. आईचा गुडघा, तुझ्याकडचं ऊन, माझ्याकडचं ऊन. दोघंही डॉक्टर, पण कुणी चोरून ऐकलं तर त्याला वाटेल हवामान खात्यातले दोन कारकून एकमेकांना आकडे देतायत. कामाचा विषय जरा जवळ आला की तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि मीही, खरं सांगतो, सुटल्यासारखा फोन ठेवतो. त्यामुळे तुझी बातमी मला आईकडून कळली. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ती भूल द्यायचं सोडतेय. विमा कंपनीत जाणार, लोकांचे दावे तपासायला. महिनाअखेरीला सही करायचीय." मी म्हटलं, "एवढी चांगली भूल देते, का म्हणून?" तर म्हणाली, "म्हणते, थिएटरमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही. हा धडा तिला कुठे मिळाला, ते तुला माहीत." आणि मटारचं ताट माझ्यापुढे सरकवलं. आई रागावली की बोलत नाही, काम देते. मी सगळे मटार सोलले, टरफलंसुद्धा उचलली.

सही करू नकोस असं सांगायला हे पत्र नाही. तुझं तू पाचव्या वर्षापासून ठरवत आलीस, आम्हाला फक्त निकाल कळत आलाय. पण तू गेल्यावर इथे जे झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मोठ्या सिस्टर सांगणार होत्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, हे माझ्याकडून जायला हवं. मग मी ते पाठवायला चार महिने लावले. (दिवा गेला. हात केला. आला.)

तू आमच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून लागलीस तेव्हा मी तीन दिवस छाती फुगवून फिरलो होतो. चौथ्या दिवशी मला कळलं, की तू प्रवासाच्या बॅगा तोलायचा आपल्या घरातला हुकाचा काटा आणून थिएटरमागच्या मोरीत टांगलायस, आणि प्रत्येक ऑपरेशननंतर मामा कचऱ्याची पिशवी आधी त्याला अडकवतात आणि मगच बाहेर नेतात. मला वाटलं पोरीचं खूळ आहे, दोन आठवड्यांत उतरेल. तू दोन महिने तोललंस. आणि मग ती महिन्याच्या पहिल्या शनिवारची मीटिंग. सगळे होते: सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, मामा चहा घेऊन. तू उभी राहिलीस, डोक्यावरची ती घरी शिवलेली पिवळ्या बदकांची कापडी टोपी काढून टेबलावर ठेवलीस आणि शांतपणे आकडे वाचलेस. ऑपरेशन एकच, हर्नियाचं. छेद तेवढाच, जाळी त्याच मापाची, जखमा पिकण्याचं प्रमाणही सारखंच. आपले कुजबुजे डॉक्टर, ज्यांचं बोलणं शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही, त्यांच्या टेबलावरून निघणारा कचरा अडीच किलो. सरांच्या टेबलावरून निघणारा साडेसहा. आणि सरांच्या पिशवीतला निम्म्याहून जास्त माल न वापरलेला. नुसता फाडून ठेवलेला. उपाय तुझा साधा: गाऊन-चादरी कापडी, धुऊन-वाळवून पुन्हा वापरायच्या, आणि पाकिटं लागतील तेव्हाच फाडायची. पुढे तू गॅसबद्दल काहीतरी बोललीस, की एका जातीचा भुलीचा गॅस धुराड्यातून वर जाऊन हवा तापवतो आणि त्याच्याइतकंच काम करणारे दुसरे उपाय आहेत. ते मी ऐकलं नाही. मी साडेसहावरच अडकलो होतो.

मला बोलता येतं, हाच माझा जुना आजार. उभा राहिलो आणि म्हणालो, की आम्ही भूल द्यायला डॉक्टर ठेवली होती, ती भंगारवाली निघाली. हशा. म्हणालो, उद्यापासून पेशंटला विचारू, पूर्ण शिवू की अर्धा दोरा वाचवू? पुन्हा हशा. हशा मिळाला की माझं जे होतं ते तुला लहानपणापासून माहीत आहे. मी ती बदकांची टोपी दोन बोटांनी उचलली, हे जंतूंचं माहेर आहे असं म्हणून कोपऱ्यातल्या पिवळ्या बादलीत टाकली आणि वर गर्जना केली, की हा धुवायचा-वाळवायचा प्रकार वर्षभर चालवून माझ्या पेशंटांच्या जखमा जास्त पिकल्या नाहीत, तर ही टोपी मी माझ्या हातांनी धुईन, इस्त्री करीन आणि डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर घालीन. सगळे हसले. कुजबुजे हसले नाहीत. तू "बरं, सर" म्हणालीस आणि खाली बसलीस. त्या दिवशी घरी जेवताना मीठ मागतानाही तू मला 'सर'च म्हणालीस. महिन्याभराने तू दुसरीकडे नोकरी धरलीस. मी लोकांना सांगत सुटलो, की तिला तिकडे जास्त चांगली संधी मिळाली.

त्यानंतर नऊ-दहा महिने सगळं पूर्वीसारखं साडेसहा किलोत चाललं. मग एकदा वापरून फेकायचे गाऊन आणि चादरी जिथून यायच्या त्या गोदामाला आग लागली. तीन आठवडे काही येणार नाही, असा निरोप. मी म्हटलं, ऑपरेशनं बंद ठेवा. मोठ्या सिस्टरांनी धोबीखान्याला फोन केला, जुन्या कपाटाच्या तळातून कापडी गाऊन काढले, उकळून, वाफेच्या भट्टीतून काढून घडी घालून ठेवले, आणि थिएटरच्या भिंतीवर एक पुठ्ठा चिकटवला. तू जाताना त्यांच्याकडे लिहून ठेवलेला. तुझं अक्षर बघताच ओळखलं. वाऱ्यात उभं असल्यासारखं एका बाजूला कललेलं. डावीकडे 'आधी उघडायचं', उजवीकडे 'मागितल्यावरच उघडायचं'. उजवी यादी डावीच्या तिप्पट. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'ज्याला शंका असेल त्याने बोलायचं. सरांनासुद्धा.' मी विचारलं, याला परवानगी कुणी दिली? सिस्टर म्हणाल्या, "गोदामाने."

पहिल्या दिवशी मी फुगून बसलेल्या जावयासारखा वागलो. कापडी गाऊनला पाठीमागे नाडी असते. ती बांधायला दुसरं माणूस लागतं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं, हे मला विशेष अपमानास्पद वाटलं. ऑपरेशनमध्ये चिमट्यासाठी हात पुढे केला, तर चिमटा अजून पाकिटात. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा सेकंद लागले. अकरा! पेशंट गाढ झोपलेला, त्याची तक्रार नव्हती, आतड्यांचीही नव्हती. तोंड उघडलं तोच मोठ्या सिस्टरांनी मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी ते मिटलं. तीन आठवड्यांनी खोक्यांची गाडी आली, तेव्हा सिस्टर गाडीवाल्याला म्हणाल्या, "निम्मी परत न्या, ठेवायला जागा नाही." जागा होती. मी स्वतः बघितली होती.

आता माझ्या अब्रूची गोष्ट. वाचून हस, पण आईसमोर हसू नकोस. मला स्वतःला तीन वर्षं हर्निया होता. उजवीकडे. शिंक आली की मी पटकन खिशात हात घालून आतून दाबायचो. आई त्याला माझा रुबाब समजायची. दुसऱ्यांचे हर्निये शिवून पोट भरणारा माणूस स्वतःच्या हर्नियाला घाबरत होता. शेवटी एका लग्नात, टाळ्या वाजवायच्या ऐन वेळी, हात खिशात अडकला आणि बिंग फुटलं. कुजबुजे डॉक्टर ऑपरेशन करायला तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीने: गॅस नाही, पूर्ण भूल नाही, नुसती तेवढी जागा बधिर करायची आणि दुपारी जेवायला घरी. त्या शनिवारी तू म्हणालीस त्या दुसऱ्या उपायांपैकीच एक. मी टेबलावर आडवा झालो, छातीवर कापडी पडदा लागला आणि मला थिएटरचं छत पहिल्यांदा नीट दिसलं. तिथे एका कोपऱ्यात जळमट आहे.

आणि मग ती मंडळी विसरली. थिएटरमधल्या माणसांची सवयच ती. पडद्यापलीकडचा माणूस झोपलेलाच असतो असं त्यांच्या हाडीमासी भिनलंय. मामा म्हणाले, "आज किती कमी पाकिटं फाडलीत बघा. सरांच्या लिस्टला अजूनही जास्त लागतात." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आज सर आडवे आहेत ना. उभे असले की हात सैल सुटतो सगळ्यांचा." आणि त्यानंतर अबोली बोलली. तुला ती आठवत असेल, चाळिशीची, उंच, साहित्य मोजून देणारी सिस्टर. नऊ वर्षं माझ्या थिएटरमध्ये आहे आणि नऊ वर्षांत 'हो सर', 'नाही सर' यापलीकडे बोलली नाही, म्हणून अबोली हे नाव मीच ठेवलेलं, मोठ्या कौतुकाने. ती म्हणाली, "त्यांचा हात पुढे आला आणि वस्तू तयार नसली, की ते बघतात. तसं बघून घेण्यापेक्षा सगळीच पाकिटं आधी फाडलेली बरी. मी तर लागणार नाहीत हे माहीत असूनही फाडायची." मामा म्हणाले, "आणि पिशव्या ओढून माझी कंबर गेली." तेवढ्यात कुजबुजे, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "मंडळी, पेशंट जागा आहे."

मी छताकडे बघत पडलो होतो. कातडी उघडी आणि तोंड बंद, हे दोन्ही मला एका वेळी कधी जमलेलं नव्हतं, त्या दिवशी जमलं. मग मी पडद्याआडून म्हटलं, "चालू द्या. मला काही दुखत नाहीये." ते अर्धंच खरं होतं. तू मांडलेले साडेसहा किलो मला तेव्हा कळले, ठिणगे. मी समजत होतो तू माझा कचरा तोललास. तो माझा दरारा होता. पिशव्यांमध्ये भरून, गाठ मारून, मामांच्या कमरेवरून रोज मागच्या दाराने बाहेर जात होता. आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो.

दहा दिवसांनी कामावर आल्यावर मी अबोलीसमोर उभा राहिलो. म्हटलं, "सिस्टर, यापुढे मला काही सांगायचं असेल तर सांगत जा. मी बघणार नाही. म्हणजे, तसं बघणार नाही." ती "हो सर" म्हणाली. मला वाटलं, झालं, हेही वाया गेलं. (दिवा गेला होता. आता आलाय.)

त्यानंतर महिन्याभराने एक शिंपीणबाई आल्या. साठीच्या, बारीक, तोंडाने माझ्या तोडीस तोड. आतड्याचं मोठं ऑपरेशन, चार तास चाललं, रक्त जास्त गेलं. रक्त टिपायला पोटात आपण त्या गॉजच्या मोठ्या घड्या ठेवतो ना, त्या दहाच उघडल्या होत्या. पुठ्ठ्यावर दहाच लिहिलंय. पूर्वी मी वीस-पंचवीस फाडून घेत असे. काही टेबलावर, काही बादलीत, काही पायाखाली, आणि शेवटी मोजताना 'असेल तिकडेच कुठेतरी' असं म्हणून मीच घाई करत असे. त्या दिवशी ऑपरेशन संपलं, मी टाक्यांसाठी हात पुढे केला आणि हातात काही आलं नाही. मागून आवाज आला, "सर, एक कमी आहे." अबोलीचा. मी म्हटलं, "पुन्हा मोजा." ती म्हणाली, "दोनदा मोजल्या. उघडल्या दहा, समोर नऊ. शिवू नका." शिवू नका! मला! नऊ वर्षांत पहिलंच पूर्ण वाक्य आणि तेही असं. मी वळून बघितलं. तिची नजर खाली गेली नाही. मी पुन्हा आत हात घातला. यकृताच्या मागे, अगदी तळाशी, रक्ताच्या रंगात रंग मिसळून बसली होती ती घडी. दहावी. जुन्या पद्धतीत ती तिथेच राहिली असती. बाई आठवड्यात तापाने फणफणल्या असत्या, पुढचं तुला सांगायला नको. तुझा पुठ्ठा नसता तर मोजायला पंचवीस असत्या, आणि पुठ्ठ्याची शेवटची ओळ नसती तर ती बोललीच नसती. टाके घालून झाल्यावर मी थिएटरबाहेर येऊन याच बाकावर बसलो. तेव्हा हा दिवा नव्हता. असता तर बराच वेळ विझलेलाच राहिला असता.

चौथ्या दिवशी मी शिंपीणबाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शिवण्याआधी मोजलंत ना? मग झालं. मी एका नवरदेवाच्या सदऱ्यात टाचणी विसरले होते, ती त्याला मांडवात सापडली. तुमचं बरं म्हणायचं." आणि लगेच विचारलं, की ती मोजणारी कोण, तिला बोलवा. अबोली आली, तर तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड दिलंय देवाने, आत्ता कुठे वापरलंस होय?" दोघी हसल्या. बऱ्या झाल्यावर बाईंनी सगळ्या थिएटरला कापडी टोप्या शिवून पाठवल्या, प्रत्येकीवर समोर कामाचं नाव भरतकाम करून, म्हणजे अडीअडचणीला कुणाला काय म्हणून हाक मारायची ते दिसावं. अबोलीच्या टोपीवर 'मोजणी', मामांच्या टोपीवर 'चाकं', माझ्या टोपीवर 'चाकू'. पेशंट टेबलावर आडवे व्हायच्या आधी टोप्या वाचतात आणि हसतात. घाबरलेला पेशंट हसला की रक्तदाब किती उतरतो हे तुला मी सांगायला हवं असं नाही.

तर वर्ष भरलं. पेशंट चालत येतात, कारण ज्याचे पाय धड आहेत त्याला ढकलत आणून आजारी का करायचं, असा मोठ्या सिस्टरांचा सवाल आहे. ऑपरेशनच्या आधी महिनाभर त्या लोकांना रोज चालायला लावतात आणि बिडी-सिगारेटवाल्यांच्या बायकांना विश्वासात घेतात. हर्नियावाले बहुतेक त्याच दिवशी घरी जातात. टाके बघायला लांबून दोन बस बदलून येणाऱ्यांना आम्ही फोनवरच विचारतो. तो तू सांगितलेला गॅस बंद झाला, ओकाऱ्या कमी झाल्या. भिंतीतल्या नळीतून येणारा तो हसवणारा वायूही तपासला. तू म्हणाली होतीस, पेशंटपर्यंत पोचायच्या आत वाटेतच गळतो. गळत होता! इतकी वर्षं आम्ही भिंतींना हसवत होतो. जखमा पिकण्याचा हिशोब अबोलीने ठेवला: आदल्या वर्षी एकतीस, यंदा बावीस, ऑपरेशनं जवळजवळ तेवढीच. कमी झाल्या असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर गर्जना करू नये, एवढं शिकलोय. पण वाढल्या नाहीत. आणि माझं टेबल पावणेतीन किलोवर आलंय. कुजबुजे अजून अडीचवर आहेत. परवा त्यांनी मला काहीतरी चिडवलं असावं, पण ऐकू आलं नाही.

मंगळवारी मोठ्या सिस्टर मला शोधत या खोलीत आल्या. त्यांच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, त्या शनिवारच्या मीटिंगचं टिपण, ज्यात माझी गर्जना शब्द न शब्द उतरवलेली आहे. दुसरी, वाफेच्या भट्टीतून काढलेलं एक बंद पाकीट, वर तारीख आणि त्यांच्या अक्षरात 'सरांनी धुवायची'. त्या दिवशी बादलीत नुकतीच नवी पिशवी लावली होती, आत दुसरं काही नव्हतं. सगळे गेल्यावर त्यांनी टोपी काढून घेतली आणि दोन वर्षं सांभाळली. गुरुवारी संध्याकाळी मी ती घरी बादलीत भिजवली. आईला विचारलं साबण किती घालू, तर म्हणाली, "घास. हात मोडत नाहीत." काल सकाळी इस्त्री करताना कापड उलटं केलं आणि तेव्हा ती बदकं मला ओळखू आली. तुझ्या खोलीचा पडदा, ठिणगे. आईला ढग हवे होते, मी दुकानात भांडून बदकं घेतली होती. पडदा फाटल्यावर तू तो जपून ठेवलास, त्याची टोपी शिवलीस, ती घालून माझ्याच थिएटरमध्ये उभी राहिलीस, आणि मी ती बादलीत टाकली. आज पुन्हा पहिला शनिवार होता. मी त्याच खोलीत, त्याच जागी उभा राहिलो आणि म्हणालो, की त्या दिवशी आकडे बरोबर होते, मी चुकलो होतो, आणि जे बोललो ते बोलायला नको होतं. विनोद केला नाही. टिपणात लिहून घ्यायला सांगितलं, प्रत सोबत आहे. टोपी पाकिटात आहे, धुतलेली, इस्त्री केलेली, डावीकडच्या एका बदकाची शेपटी जरा जळलीय, ती माझी करणी. डोक्यावर घालायचा भाग तेवढा टपालाने होत नाही. तो तू सांगशील त्या थिएटरच्या दारात येऊन करीन. विमा कंपनीच्या दारात ये म्हणालीस तरी येईन, लोक बघतील तर बघू देत. चप्पल वाजली, पेशंट आला वाटतं. मामा पाकीट न्यायला दारात उभे आहेत. आत्ता दिवा विझलाय. या शेवटच्या ओळी मी न हलता, दारातून येणाऱ्या उजेडात लिहितोय, आणि पाकीट त्यांच्या हातात देतोय.

तुझाच, मीठ मागताना पुन्हा हाक मारशील तो,
बाबा